पुण्याच्या पेठा पायी बघताना: कसब्यापासून मंडईपर्यंत एक सकाळ

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाचा जुन्या गावाशी संबंध येतो तो बहुधा गणपतीत, नाहीतर तुळशीबागेत खरेदीला जाताना. दोन्ही वेळा गर्दी इतकी की मान वर करायला फुरसत मिळत नाही. पेठा बघायच्या तर मान वर करावीच लागते. तळमजल्यावर मोबाइलच्या कव्हरांचे दुकान असते, आणि त्याच्याच पाटीच्या वर कोरीव लाकडी सज्जा असतो. खालून जाणाऱ्या शंभर माणसांतल्या नव्याण्णवांना तो दिसत नाही.

इथे दिलेली वाट चार किलोमीटरच्या आतली आहे. नुसती चालली तर तासाभरात संपेल, पण तिला चार तास द्यावेत. शनिवारवाड्यापासून सुरुवात, मग कसबा, सोमवार, रविवार, बुधवार या पेठांतून शेवट महात्मा फुले मंडईत. दिशा मुद्दाम उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवली आहे. कसबा म्हणजे मूळ गाव. बाकीच्या पेठा त्याच्या भोवती एकेक करून वसत गेल्या, त्यामुळे या दिशेने चालले की गाव जसे वाढले तसेच समोर येते.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा, कारण रविवारी आळ्यांमधली कारागिरांची कामे बहुतेक बंद असतात. मंगळवार आणि संकष्टी टाळावी, त्या दिवशी गणपतीच्या देवळांपुढे रांगा लागतात. गणेशोत्सवाचे दहा दिवस हा वेगळाच अनुभव आहे, पण तेव्हा मांडवांनी वाड्यांचे दर्शनी भाग झाकले जातात आणि रस्तेही बंद असतात. पहिल्या फेरीसाठी ते दिवस नकोत.

गाडी घरी ठेवावी. दुचाकी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो, आणि चारचाकी घेऊन आलेला माणूस कसब्याच्या गल्लीत एकदा शिरला की समोरून टेम्पो येईपर्यंतच निश्चिंत असतो. मेट्रोने यावे. महानगरपालिका स्थानकावर उतरून नवा पूल ओलांडला की दहा मिनिटांत शनिवारवाडा येतो. परतताना मंडई स्थानक अगदी दारात आहे. स्वच्छतागृहाची सोयही वाटेतल्या मेट्रो स्थानकांतच होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

पायात चटकन काढता-घालता येणाऱ्या चपला किंवा सँडल असाव्यात. देवळे आणि वाड्यांच्या ओसऱ्या मिळून सहा-सात वेळा तरी चपला काढाव्या लागतात, लेसचे बूट असले की तिसऱ्या ठिकाणी कंटाळा येतो. बरोबर पाण्याची बाटली, दहा-वीसच्या नोटा, एक कापडी पिशवी. एकत्र चालायला चारच माणसे पुरेत. सहाच्या वर माणसे झाली की बोळात वाट अडते आणि कुणाच्याही देवडीत, म्हणजे दारामागच्या पडवीत, डोकावणे अवघड होते.

दिशेची एक खूण आधीच पाठ करावी. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता हे दोन उभे रस्ते एकमेकांना जवळजवळ समांतर धावतात, आणि नवखा माणूस दोन्हींत हमखास गोंधळतो. गाड्या शनिवारवाड्याकडून मंडईकडे जात असतील तर तुम्ही शिवाजी रस्त्यावर आहात. त्या शनिवारवाड्याकडे येत असतील तर बाजीराव रस्त्यावर. फोनमधला नकाशा मोठ्या रस्त्यांवर ठीक चालतो, बोळांत मात्र फसवतो: त्याला आरपार वाटणारी वाट प्रत्यक्षात वाड्याच्या बंद मागच्या दारापाशी संपते. अशा वेळी दुकानदाराला विचारावे, आणि विचारताना देवाचे नाव घ्यावे. या गावात पत्ता देवावरून सांगतात. बटाट्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, सोन्या मारुती, डुल्या मारुती ही नावे गंमत म्हणून पडलेली नाहीत. पासोड्या, म्हणजे पांघरायच्या जाड चादरी, विकणारे ज्या देवळापाशी बसत, तो पासोड्या विठोबा. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरे, तिथल्या बटाटेवाल्यांच्या शेजारचा तो बटाट्या मारुती. बाजार तिथून कधीच हलला, नाव राहिले.

पहिला टप्पा: शनिवारवाडा, बाहेरून जास्त आणि आतून कमी (साडेआठ ते सव्वानऊ)

पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतले सगळे लाकडी बांधकाम जळाले. त्यामुळे आत गेल्यावर दिसतात ती जोती, बागा आणि कारंज्यांच्या जागा. इतिहासाची आवड असेल तर तिकीट काढून आत जावे आणि तटावरून एक फेरी मारावी. वेळ कमी असेल तर बाहेरून बघितले तरी पुष्कळ कळते.

दिल्ली दरवाजासमोर उभे राहिल्यावर आधी तटाकडे बघा: खाली घडीव दगड, वर वीट. मग दाराच्या फळ्यांवरचे खिळे. आठ-नऊच्या ओळींत बहात्तर, एकेक फूटभर लांब. ते साधारण हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर ठोकले आहेत, म्हणजे हत्ती धडक देऊन दार फोडू शकणार नाही. मोठे दार रोज उघडत नसत, जाण्यायेण्यासाठी त्याच्याच फळीत दिंडी, म्हणजे लहान दार आहे. आत शिरल्यावर वाटही सरळ जात नाही, एकदा उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळते. चालून येणाऱ्याचा जोर मोडायला हे पुरते. दिंडी, देवडी आणि वळती वाट एवढी तीन अंगे इथे नीट बघून ठेवावीत, कारण पुढे साध्या घरांत हीच अंगे लहान मापात भेटणार आहेत.

दुसरा टप्पा: लाल महाल आणि कसबा गणपती (दहा वाजेपर्यंत)

शिवाजी रस्त्याने पाच मिनिटे खाली आले की लाल महाल. आजची इमारत १९८० च्या दशकात महापालिकेने बांधलेली आहे, १६६३ साली शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला तो मूळ महाल शिल्लक नाही. हे माहीत असले म्हणजे इथे जुने खांब शोधत बसण्यात वेळ जात नाही. दहा मिनिटे पुरेत.

रस्ता ओलांडून आत गेले की कसबा गणपती, पुण्याचे ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला गणपती. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. लाकडी सभामंडपात भिंतीला टेकून पाच मिनिटे बसा. खांबांवरची महिरप (नक्षीची कमान), त्यावरची तुळई (आडवे लाकूड) आणि वरची तख्तपोशी (फळ्यांचे छत) असा क्रम लावून छताकडे बघितले की पेशवाईतल्या लाकूडकामाचे व्याकरण समजते. फोटो काढण्याआधी विचारावे.

तिसरा टप्पा: कसब्याच्या आळ्या (इथे घाई करायची नाही)

या सकाळचा गाभा इथे आहे. सोबत्यांपैकी कुणी कंटाळले तर शनिवारवाड्यातला वेळ कापावा, इथला नको.

कसबा पेठ धंद्यांनुसार वसली. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही नावे म्हणजे जुन्या गावाचा नकाशाच. बऱ्याच आळ्यांत आज नावापुरताच धंदा उरला आहे. तांबट आळीत मात्र अजून हातोड्यांचा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकत ऐकतच तिथे पोहोचावे. पवळे चौकाच्या बाजूने विचारत गेले की सापडते. कामे साडेनऊ-दहानंतर रंगात येतात, त्याआधी गेलात तर बंद फळ्या बघून परत याल.

तांबटाच्या कामाजवळ थांबलात तर दहा मिनिटे तरी थांबा, म्हणजे क्रम दिसतो. घंगाळ किंवा हंडा लोखंडी खुंटीवर पालथा घालून कारागीर तो एका हाताने किंचित फिरवतो, दुसऱ्या हाताने ठोका देतो. फिरव आणि ठोका यांचा मेळ इतका पक्का असतो की ठोक्यांची वर्तुळे एकाखाली एक सरळ पडत जातात. यालाच मठारकाम म्हणतात. ते शोभेसाठी आहे असे पुष्कळांना वाटते, पण त्याचे खरे काम वेगळे आहे. तांबे मुळात मऊ असते, ठोक्यांनी ते कडक होते आणि भांड्याचा आकार टिकतो. फार ठोकले की मात्र ते ठिसूळ होऊन चिरते, म्हणून मधूनमधून भट्टीत लाल होईस्तोवर तापवून पुन्हा मऊ करून घेतात. दुकानात भांडे हाती घेतलेत तर उजेडाकडे तिरके धरून बघा. हाताने मठारलेल्या भांड्यावर प्रत्येक ठोका शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा दिसतो, यंत्राच्या ठशात सगळे ठिपके एकसारखे असतात.

घेणार असाल तर भाव वजनावर आणि घडणावळीवर ठरतो, म्हणून आधी वजन करून मागावे. स्वयंपाकासाठी तांब्या-पितळेचे भांडे हवे असेल तर कल्हई केलेलेच घ्या. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असले काही ठेवले की ते कळकते आणि खाणाऱ्याला त्रास होतो. पाण्याच्या तांब्याला कल्हई लागत नाही. आणि एक विनंती: काम चालू असताना कारागिराच्या तोंडाशी फोन धरू नका. आधी दोन शब्द बोला, काय घडवताय ते विचारा. मग फोटोला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

वाडा कसा बघायचा

कसब्यात चालताना उघडी देवडी दिसली की पावले आपोआप वळतात. वळू द्या, पण उंबऱ्याच्या बाहेर थांबा. आत माणसे राहतात. कुणी दिसले की "काका, जुना वाडा बघायची आवड आहे, चौकापर्यंत येऊ का?" एवढे विचारावे. होकार मिळाला तर चपला ओसरीखाली काढाव्यात आणि चौकाच्या पुढे, माजघराकडे, बोलावल्याशिवाय जाऊ नये. वाडा कोणाच्या नावावर आहे, पाडणार का, भाडे किती, हे प्रश्न कटाक्षाने टाळावेत. बऱ्याच वाड्यांत मालक आणि जुने भाडेकरू यांचे तंटे वर्षानुवर्षे चाललेले असतात. मोजमापे घेतल्यासारखे फोटो काढणारा अनोळखी माणूस त्यांना बिल्डरकडून आलेला वाटतो, आणि दार लागते. ते पुढच्या येणाऱ्यालाही लागलेलेच राहते.

बघायचे ते असे. दारातच, चौकटीच्या मागे भिंतीत एक चौकोनी भोक असते. त्यात हात घातला तर कोपरापर्यंत जातो. ही अडसराची जागा. जाड लाकडी अडसर रात्री या भोकातून ओढून दारामागून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवायचा, दिवसा पुन्हा भिंतीत ढकलून ठेवायचा. भोकाच्या कडा बघा, अडसर सरकून सरकून त्या गुळगुळीत झालेल्या असतात. शेकडो रात्रींची दारे लावल्याची खूण तेवढ्या चार इंचांत असते. भिंत किती रुंद आहे हेही त्या भोकाच्या खोलीवरूनच कळते.

मग देवडी: दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, पूर्वी पहारेकऱ्यांचे, आता सायकली नाहीतर जुनी कपाटे ठेवायचे. पुढे उघडा चौक. घराला उजेड आणि वारा मिळतो तो यातूनच. चौकाभोवती ओसरी, तिच्या कडेने खांब. प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडी तळखडा आहे का ते बघा. लाकूड थेट जमिनीवर टेकले तर ओल चढते आणि वाळवी लागते, म्हणून दगड. खांबाच्या माथ्यावर कधी लाकडात कोरलेले केळफूल लोंबते, दाराच्या वर गणेशपट्टी, म्हणजे गणपती कोरलेली पट्टी असते.

भिंतींत लाकडी सांगाडा आणि त्यात मातीने चिणलेल्या विटा. अशी भिंत श्वास घेते: ओल येते तशी जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंतीत पुरलेले तुळयांचे टोक आतल्या आत कुजते. बाहेरून ठणठणीत दिसणारे वाडे एखाद्या पावसाळ्यात खचतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते. म्हणून पावसाळ्यात आलात तर जुन्या वाड्याच्या जिन्यावर चढू नका, फुगलेल्या भिंतीखाली आडोशाला उभे राहू नका, आणि महापालिकेची धोक्याची नोटीस चिकटवलेली असेल तिथे देवडीतही शिरू नका.

चौथा टप्पा: त्रिशुंड गणपती (अकराच्या सुमारास)

कसब्यातून पूर्वेला, नागझरीच्या बाजूने सोमवार पेठेत यावे. दहा मिनिटांची चाल. त्रिशुंड गणपतीचे देऊळ लहान आहे, गर्दी जवळपास नसते, आणि तरी पुण्यातले सर्वांत बारकाईने कोरलेले दगडी काम इथे आहे. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावी यांनी काम सुरू केले, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. गाभाऱ्यावर संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत. देवळाखाली तळघर आहे, ते एरवी बंद असते.

दर्शनी भिंतीवर द्वारपालांच्या खाली नजर आणा. बंदुका घेतलेले शिपाई साखळदंडाने एका गेंड्याला बांधत आहेत असे शिल्प तिथे आहे. पुण्यातल्या देवळावर गेंडा कुठून आला? प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल आणि पूर्वेकडचा मुलूख घशात घातला त्याची ही नोंद, असा त्याचा अर्थ लावतात. इंग्रजी निशाण शनिवारवाड्यावर चढले १८१७ मध्ये, त्याच्या कितीतरी आधी इथल्या पाथरवटाने हे कोरून ठेवले होते. काळ्या दगडावरचे काम तिरप्या उन्हात उठून दिसते, भर दुपारी ते सपाट होऊन जाते. फोनचा विजेरीचा उजेड बाजूने टाकला तर बारकावे कळतात, समोरून टाकला तर नाही.

पाचवा टप्पा: रविवार आणि बुधवार पेठ

इथून फडके हौद चौकाकडे परत या. हौद आता नाही, नाव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणले, ते केवळ उताराने वाहत येई आणि असल्या हौदांत पडे. वाटेत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून उंच मनोरे बांधत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. तहान लागलेली असतेच, चौकाच्या आसपास अमृततुल्य बघून चहा घ्यावा आणि पायांना पंधरा मिनिटे विश्रांती द्यावी. ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासाठी कसबा पेठ मेट्रो स्थानक इथेच आहे.

पुढे रविवार पेठेत भांडी, कापड, दोर, खिळे, रंग असा घाऊक बाजार. बोहरी आळीत हातगाड्यांची ये-जा सतत चालू असते, तिथे रस्त्याच्या मध्ये थांबून वर बघू नका. आधी कडेच्या पायरीवर चढा, मग बघा. "बाजू, बाजू" अशी हाक आली की मागे वळण्याआधी बाजूला व्हायचे. हमालाच्या डोक्यावर ओझे असते, त्याला थांबता येत नाही.

बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. तिथून जायला हरकत नाही, पण कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि टक लावून बघू नये. त्याही या पेठेच्या रहिवासी आहेत.

दगडूशेठ गणपतीसमोर आले की मूर्तीकडे तोंड करून गर्दी उभी असते. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आली. बघायला काही नाही म्हणून पुढे जाऊ नका, गर्दीकडे पाठ करून त्या जागेकडे बघत क्षणभर उभे राहा.

सहावा टप्पा: तुळशीबाग, विश्रामबाग, मंडई

बेलबाग चौकातून तुळशीबागेत शिरताना पाकीट पुढच्या खिशात घ्या. खरेदी आज नको, कानातल्यांच्या दुकानांत शिरलात तर पुढचे काही होत नाही. दुकानांच्या मधल्या दारातून आत गेले की एकदम मोठा चौक उघडतो आणि राममंदिराचे उंच शिखर समोर येते. बाहेर इतका गलका आणि आत घंटेचा आवाज सुद्धा सुटा ऐकू येतो. पेशव्यांचे सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी हे देऊळ बांधले. शिखरावरच्या कोनाड्यांतल्या चुन्याच्या मूर्ती चौकाच्या दूरच्या कोपऱ्यातून नीट दिसतात, पायथ्याशी उभे राहून फक्त मान दुखते.

तिथून बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बघा: पुढे आलेला लाकडी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब. १८७९ मध्ये याचा काही भाग आगीत गेला होता. डागडुजीमुळे आतले भाग कधी बंद असतात, दर्शनी भाग कायम दिसतो.

शेवट मंडईत. शनिवारवाड्यासमोरचा तो भाजीबाजार १८८६ मध्ये इथे आला. तेव्हाचे नाव गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणासाठी वापरावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मंडईला त्यांचेच नाव दिले गेले. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभे राहिले की आठही बाजूंना फुटलेल्या पाखा दिसतात. गाळ्यांतले भाजीवाले ओट्यावर उंच बसतात, गिऱ्हाईक खाली उभे. कापडी पिशवी इथे बाहेर काढा. भाव विचारून लगेच पुढे सरकू नका, मावशींना आधी "आज काय चांगलं आलंय?" असे विचारा. पुण्याच्या आसपासची वालपापडी, चाकवत, अंबाडी अशी जी भाजी मॉलमध्ये दिसत नाही, ती त्या टोपलीतून काढून दाखवतात. निवडायची कशी तेही सांगतात.